ब्लोअरवर गेलेला सेन्सर

आधीच सांगतो, लिंबू-मिरची टांगलेल्या दुकानातून मी साधं सामानसुद्धा घेत नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

मी मूळचा अमडापूरचा, काम मशीनला व्हायब्रेशन सेन्सर लावण्याचं. काडेपेटीएवढी डबी, खाली मॅग्नेट. बेअरिंगवर चिकटवली की मशीनची थरथर मोबाईलवर दिसते. मागच्या वर्षी डोणगावजवळच्या एका डाळ मिलमध्ये ट्रायलसाठी एकच सेन्सर घेऊन गेलो आणि कंपनीच्या चार्टप्रमाणे मोटरवर लावला; ती मोटर शेजारचा ब्लोअर, म्हणजे हवेचा मोठा पंखा, फिरवते.

तिथले फिटर सुखदेवभाऊ. साठीचे. रोज सकाळी पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची – हे त्यांचं इंजिनिअरिंग!

"साहेब, तिकडं काऊन लावता? दुखणं तं ब्लोअरच्या बेरिंगले हाय."

"तुमच्या कानाचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं, भाऊ?" मी विचारलं. सगळे हसले. मीच जास्त हसलो.

दुसऱ्या दिवशी सेन्सर ब्लोअरवर! मी परत मोटरवर लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ब्लोअरवर. मी सरळ शेठना सांगितलं, हा अडाणी म्हातारा माझ्या कामात लुडबुड करतोय. शेठनी त्यांना तिथल्या तिथे घरी बसवलं.

"म्या हात नाई लावला, साहेब," ते म्हणाले. "पन आता तिथंच राहू द्या त्याले." पेचकस पिशवीत टाकला आणि सायकल काढून गेले.

मी सेन्सर मोटरवर लावला, मोटर-ब्लोअर दोन्हींभोवती जाळी बसवून कुलूप ठोकलं, किल्ली खिशात. दुपारी मशीन चालू ठेवून आम्ही सगळे समोरच जेवायला बसलो. डबा संपवून बघतो तर कुलूप जसंच्या तसं आणि सेन्सर ब्लोअरवर.

सरकत गेला म्हणाल, तर मोटर आणि ब्लोअरच्या मध्ये हातभर मोकळी जागा आहे. आणि मॅग्नेट काढून परत लावला की ग्राफवर झटका उमटतोच. तिथे एकही नव्हता. नुसती थरथर चढत गेलेली – ब्लोअरच्या बेअरिंगची.

मशीन बंद करून बेअरिंग उघडलं. आत तुकडे झाले होते. अजून तासभर चाललं असतं तर शेजारी काम करणाऱ्या बायकांवर पंखा फुटला असता.

"साहेब, तुमच्या डबीनं वाचवलं!" शेठ म्हणाले. ऑर्डरही दिली.

मी "थँक्यू" म्हणालो.

महिन्याभराने सुखदेवभाऊ डोणगावच्या बाजारात दिसले, मेथीच्या जुड्या घेऊन बसलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "बेरिंग बदललं ना, साहेब?"

"हाव," मी म्हणालो. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि निघालो.

सेन्सर कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा. पण शेठपुढे मी सुखदेवभाऊंबद्दल गप्प का बसलो, ते मला पक्कं माहीत आहे. मिलमध्ये आता माझे सहा सेन्सर आहेत... आणि सुखदेवभाऊ अजून मेथीच विकतात.