मुका कोंबडा

तीन कोंबड्यांतला एक ठेवायचा होता आणि तो मी निवडला. आयुष्यात मी फारशा गोष्टी निवडलेल्या नाहीत. सुरत निवडली नाही, लूम निवडला नाही. वडिलांनी हाताला धरून आणलं आणि मागासमोर उभं केलं, तेव्हापासून उभाच आहे. एक कोंबडा तेवढा निवडला, आणि त्यातही माती खाल्ली.

नवागाममध्ये आमच्या खोलीमागे जेमतेम खाट मावेल एवढी उघडी जागा आहे. तिथे बायकोच्या कोंबड्या. खरं तर तिच्या आईच्या. सासूबाई गेल्या आणि मेव्हण्याने अंगणात फरशी बसवायची म्हणून सगळ्या कोंबड्या वाटून टाकल्या. बायको तिथेच होती. तिने भांडून दोन कोंबड्या डालग्यात घातल्या, ज्वारीच्या डब्यात अकरा अंडी पुरली आणि तो डबा मांडीवर घेऊन रेल्वेने सुरतेपर्यंत आली. अंडी कोंबडीखाली ठेवली, तेव्हा तीन दिवस मी घरात मोठ्याने चाललो तरी ती डोळे वटारायची. नऊ पिल्लं निघाली. त्यातले तीन नर.

पिल्लं होती तोवर शेजारपाजार कौतुक करत होता. नरांना कंठ फुटला आणि कौतुक संपलं. भिंतीपलीकडची शेजारीण यवतमाळकडची, भल्या स्वभावाची बाई. पण तिची मुलगी बाळंतपणाला आलेली, बाळ जेमतेम महिन्याचं. शेजारीण एक दिवस दारात येऊन म्हणाली, "भाऊ, माह्या पोरीचं लेकरू निजतच नाही. एकच कोंबडा ठेवा, अन् तोबी कमी आवाजाचा पाहून ठेवा. नाही तं मी घरमालकाले सांगतो, मंग समद्याच जातीन."

एकही नर नसेल तर पिल्लं नाहीत, आणि पिल्लं नाहीत तर सासूबाईंच्या कोंबड्या या दोन-चार वर्षांत संपल्या. एवढं मलाही कळत होतं. बायको तेव्हाच आईच्या वर्षश्राद्धाला गावी निघाली होती. मला सुट्टी नव्हती. जाताना पिशवी भरता भरता म्हणाली, "तुमनी रातपाळी शे. दिवसभर घरमाच ऱ्हातस. नीट ध्यान द्या, कोन कमी आरडस ते. एक ठेवा, दोन काढी टाका." कोणता ठेवा, हे ती बोलली नाही. तिला वाटलं होतं, त्यात सांगायचं काय? ज्याला कान आहेत त्याला कळेलच.

मी कामाला लागलो. सकाळी पाळीवरून यायचो, चहाचा पेला घेऊन मागच्या उंबऱ्यावर बसायचो. कापडात धागा तुटला की तिथे खूण करायचा खडू माझ्या खिशात असतोच. भिंतीवर तीन खण पाडले : लाल, कबरा, पांढरा. जो आरवेल त्याच्या खणात एक रेघ. कारखान्यात तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं, माझी नजर चुकणार नाही, असा मला ताठा होता.

चार दिवसांत लालच्या खणात सगळ्यांत जास्त रेघा झाल्या. घोगरा, जाड, लांबलचक आवाज. कबरा त्याच्या खालोखाल. आणि पांढऱ्याच्या खणात एकही रेघ नाही. तो भिंतीवर चढायचा, मान ताणायचा, चोच उघडायचा, डोळे मिटायचा, अंगातली सगळी पिसं थरथरायची, आणि आवाज नाही. मला त्याचा लळाच लागला. मुका बिचारा, एवढी धडपड करतो आणि काहीच निघत नाही. मी त्याला हातावर ज्वारी चारू लागलो. मुका आहे ना, मग याचा काय त्रास, म्हणून त्याची बसायची काठीसुद्धा शेजारणीच्या खिडकीच्या बाजूला बांधली. कोंबड्यांच्या बाजूला तेवढीच जागा मोकळी झाली.

रविवारी लाल आणि कबरा कापले. कारखान्यातले दोघे जोडीदार जेवायला आले, काळा मसाला घालून रस्सा केला, बाजरीच्या भाकरी थापायला त्यांतल्या एकाने आपल्या बायकोला आणलं. शेजारीही एक वाटी पाठवली. पुढचे दोन दिवस शेजारीण नळावर माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, तिखट जास्त झालं असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको आली. मी नुकताच पाळीवरून आलो होतो. ती मागच्या दारात गेली, खांद्यावरची पिशवी तशीच. पांढरा भिंतीवर होता. त्याने मान ताणली, चोच उघडली. बायकोने तोंड वाकडं केलं.

"अरे द्येवा! हाऊ कितला बोंबलस!"

"कोण?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय का, हे शोधत होती. मग पांढऱ्याकडे पाहिलं. त्याची चोच पुन्हा उघडली होती. ती हळूच माझ्या मागे गेली. मला वाटलं, पिशवी ठेवायला गेली असेल. जरा वेळाने वळलो, तर ती माझ्या पाठीशी उभी, डोळ्यांत पाणी, आणि ओठ हलत होते. मला हाक मारत होती. किती वेळ मारत होती कोण जाणे.

ओठ दिसले तेव्हा कळलं. आम्हा लूमवाल्यांचं असंच असतं. धडधडाटात कोणी कोणाला ऐकत नाही. ओठ बघायचे, हाताच्या खुणा बघायच्या. तीस वर्षं ओठ बघता बघता आपण ऐकत नाही आहोत, हेच मला कळलं नव्हतं. शेजारीणही आली. भिंतीपलीकडून चार वेळा ओरडले, तुम्ही मान वर केली नाही, म्हणाली. मुद्दाम खिडकीशी आणून बांधलात ना? बायकोने तिला माझ्या कानांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. तिचा राग उतरला. ते जास्त लागलं. मग ती माझ्यासमोर येऊन एकेक शब्द मोकळा करून बोलली, "तो लाल चालला असता भाऊ. त्याचा आवाज जाडा होता. लेकरू त्याले उठत नव्हतं."

बायको खुराड्यापाशी बसली होती. लाल हा सासूबाईंच्या दारातल्या कोंबड्यासारखाच आरवायचा, हे तिने मला तेव्हा सांगितलं. आई पहाटे त्याच आवाजाला उठायची. "माले वाटनं, तुम्ही त्यालेच ठेवशात," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. निदान मला ऐकू आलं असतं.

पांढरा सुरतेबाहेर सचिन गावाकडे शेत असलेल्या एकाला देऊन टाकला. कबूल केलं होतं कमी आवाजाचा ठेवू म्हणून. या गोंधळात घरमालकाच्या कानावर गेलं, आता तो दुसरा नर आणू देत नाही. कोंबड्या अंडी घालतात. त्यांतून काही निघणार नाही. मध्ये एक खुडूक झाली, पोकळ अंड्यांवर दिवसच्या दिवस बसून राहिली. बायकोने तिला उठवलं नाही. मलाही उठवू दिलं नाही.

कानाच्या डॉक्टरने यंत्र लावून तपासलं आणि कागदावर लिहून दाखवलं : जाडे आवाज अजून येतात, बारीक गेले, परत येणार नाहीत. कारखान्यात याने काही अडत नाही. मालकाच्या लेखी मी अजून सगळ्या अवयवांनिशी शाबूत आहे.

मी तो कागद घेऊन बसलो आणि बारीक आवाज कोणाकोणाचे, ते आठवू लागलो. बायकोचा, ती रागात नसते तेव्हाचा. कोसाडला दिलेल्या मुलीचा. आणि तिच्या मुलीचा, माझ्या नातीचा. नात तीन वर्षांची आहे. दर रविवारी फोनवर दिसते. मी सगळ्यांना सांगायचो, पोर गोड आहे, पण लाजाळू. आजोबांशी एक शब्द बोलत नाही. मुलगी ऐकून तोंड फिरवायची. मला वाटायचं, तिला राग येतो.

परवाच्या रविवारी नात मला काहीतरी म्हणून दाखवायला फोनसमोर उभी राहिली. तिने मान ताणली, डोळे मिटले, तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच होतं. मी शेजारी बघितलं, तर बायको तोंडाला पदर लावून रडत होती.