आईच्या आवाजाची साफसफाई

साकोलीच्या घरी बसून मी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधली बामुम भाषा ऐकतो आणि त्याचा पगार घेतो, हे गावात अजून कुणाला पटलेलं नाही. काम साधं आहे. तिकडच्या माणसांनी म्हटलेले शब्द ध्वनिमुद्रित होऊन येतात. प्रत्येकाचा सूर उंच की खालचा, ते मी लिहितो. बामुममध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो. ओठ गोल न करता म्हणायचा एक ‘ऊ’सुद्धा आहे, त्याच्यापायी मी आठवडाभर आरशासमोर तोंड वेंगाडलं. शब्दाच्या अलीकडची-पलीकडची कुजबुज, खोकला, हसू कापून टाकायचं, हा कामाचा नियम.

गेल्या वर्षी आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तिचा आवाज घरात राहावा म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी माइक मांडला.

आई इस्त्रीची साडी नेसून आली. आमच्याकडे माइक म्हणजे भाषण, आणि भाषण म्हणजे पुस्तकी मराठी. लहानपणी ‘मले-तुले’ म्हटलं की पाठीत धपाटा घालणारी हीच. “आमच्या शेतात धानाची रोवणी चालू आहे,” ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. मध्येच माझ्याकडे वळायची, “बंद केला का गा? वरण उतू जाऊन राहिलं असन,” आणि पुन्हा ताठ बसायची. मी खूश होतो. इतकं स्वच्छ बोलणारं माणूस बामुममध्येही क्वचितच मिळालं होतं. संध्याकाळी सवयीनं मी वरण, खोकला, ‘का गा’ सगळं कापलं आणि कापलेलं पुसून टाकलं.

ऑपरेशननंतर आई पाटीवर लिहून बोलू लागली. टाके सुकल्यावर एका दुपारी मी तिला ते ध्वनिमुद्रण फोनवर लावून ऐकवलं. तिला बरं वाटेल अशी माझी खात्री होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. आवाज थांबल्यावरही ती फोनकडे बघत बसली, आणखी काही येईल म्हणून.

मग तिनं पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं, “हे बाई चांगली बोलते. आता माह्यं लाव.”