कोपऱ्यावरची सँडविचं

पडदे शिवणाऱ्या बाईंची ख्याती अशी, की त्यांच्या पडद्याची उलटी बाजू कुठली हे सांगितल्याशिवाय कळत नसे. जोड आत, दोरे आत, सगळं कसं झाकलेलं. सासू गेल्यावर त्या पुन्हा दुकानात जायला लागल्या, तेव्हा त्यांनी चार नातेवाइकांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की आमच्या घरात बाहेरचं जेवण येणार नाही. तशी हमी कुणी मागितली नव्हती, सासऱ्यांनी तर नाहीच. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

नवरा नोकरीपायी सदा फिरतीवर. घरी सासरे, शाळेत जाणारी लेक आणि त्या.

त्या बुधवारी एका गिऱ्हाइकाचे सगळे पडदे आखूड निघाले. दिवसभर उसवण्यात बाईंची बोटं सोलपटली. लेकीला शिकवणीहून घेऊन येताना कोपऱ्यावरच्या सँडविचच्या दुकानापाशी त्यांचे पाय अडखळले. दुकानदार हसून म्हणाला, की ताई, या गल्लीतल्या सगळ्या चुलींना मी सुट्टी दिली, तुमचीच तेवढी राहिली होती. बाईंनी इकडेतिकडे बघत तीन सँडविचं घेतली आणि पडद्याच्या कापडाखाली पिशवीत दडवली.

जिन्यात त्यांनी लेकीला हळूच बजावलं, "आजोबांना काही बोलू नकोस हं."

लेकीनं मान डोलावली. एवढंच झालं, पण वरच्या पायऱ्या बाईंना जड गेल्या.

सासरे बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत होते. बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पावावर दुकानातल्या यंत्राचे काळे पट्टे उमटलेले, ते झाकणार कसे? हाताला सवय होतीच. त्यांनी काकडी, टोमॅटो, चीज काढून ठेवलं, पाव उलटे केले, पट्ट्यांची बाजू आत घेतली आणि पुन्हा सगळं भरून तव्यावर शेकलं. कागद कचऱ्यात खोल दाबला. नीटनेटकं काम झाल्याचं समाधानसुद्धा त्यांना क्षणभर वाटलं, आणि त्याचीच मग जास्त लाज वाटली.

सासऱ्यांचे दात ठिसूळ झालेले. काकडी चावेना, म्हणून ती काढायला त्यांनी सँडविच उघडलं आणि आतले पट्टे बघत राहिले.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आईनं आतूनपण भाजलंय, आजोबा. तुम्हाला मऊ लागावं म्हणून. मी बघितलं ना."

ना अडखळली, ना नजर चुकवली. सासरे खूश झाले. नातीला म्हणाले, की शिकून घे आईकडून, दमून आली तरी माणसांना किती जपते. लेकीनं आईकडे बघून डोळे मिचकावले.

ते मिचकावणं बाईंना सोसेना. "बाबा, हे कोपऱ्यावरून आणलंय," त्या म्हणाल्या. "पाव मीच उलटे केले. आणि हिला गप्प राहायलाही मीच सांगितलं."

सासऱ्यांनी घास सावकाश गिळला. "आणलंस ते बरं केलंस गं. पण या पोरीला कशाला गोवलंस?"

बाईंची मान खाली गेली. खरं बोललं की मोकळं वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. पण लेकीचे कान लाल झाले होते. तिनं आईला सांभाळून घेतलं होतं, आणि आईनंच तिला आजोबांसमोर खोटं पाडलं.

"मग मला आधी सांगायचंस ना, की तू सांगणारेस," एवढं बोलून ती ताटलीवरून उठली.

बाई मागोमाग गेल्या. चूक माझीच, तुझी नाही, असं परत परत म्हणाल्या. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेवटी तिनं विचारलं, "आता आजोबा माझं खरं मानतील का?"

बाहेरून सासऱ्यांनी हाक मारून अभ्यास झाला का विचारलं.

"झाला," लेक भिंतीलाच म्हणाली.

रोज ते वही मागवून घेत, पान न् पान बघत. आज वही न मागताच म्हणाले, "झाला ना? बरं. मग ये, तुझं अर्धं राहिलंय, खाऊन घे."

लेक उठून गेली. बाईंना मात्र तिच्यामागून बाहेर जायचा धीर होईना. त्या तिच्या पलंगाच्या कडेला तशाच बसून राहिल्या.