लेथखालचा चुरा आणि माझी पहिली मीटिंग

फजितीच सांगतो, पण मध्येच हसू नका. मी मुळात लाजरा, कोणी हसलं की पुढचं विसरतो.

आकुर्डीला एका कारखान्यात मी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर होतो. शाळा सातवीतच सुटलेली. तरी साहेबांनी मला हंगामी सुपरवायझर केलं आणि पहिलंच काम दिलं ते मीटिंगचं! भांडण साधंच. लेथखाली पडलेला लोखंडाचा चुरा कोणी झाडायचा? सकाळपाळी म्हणे दुपारपाळीनं, दुपारपाळी म्हणे सकाळपाळीनं.

"भोंग्याआधी अर्धा तास दोन्ही पाळ्यांना बसव," साहेब म्हणाले. "एवढं मिटवलंस तर सुपरवायझर म्हणून कायम. नाहीतर परत लेथवर."

आता मीटिंग मला कुठली माहीत? जन्मात पाहिली होती ती गावच्या सोसायटीची वार्षिक सभा. तिथं पाहिलेलं सगळं मांडलं. टेबलावर चादर, उदबत्ती, हार, फोडलेला नारळ! अध्यक्ष नको का? सकाळपाळीतले कुरुळीचे दगडूअण्णा वयानं मोठे. त्यांच्या नावाची सूचना मांडली, अनुमोदन घेतलं, हार घातला.

झालं! दुपारपाळीचे रंगनाथराव उठले. "अध्यक्ष त्यांचा? मग आमी काय सतरंज्या उचलायला आलोय व्हय?"

मी इतका गडबडलो की अण्णांच्या गळ्यातला हार काढून रंगनाथरावांना घातला!

"आरं पोरा, घातल्याला हार काढतोस?" अण्णा कडाडले. "तेराव्याला फोटोवरचा तरी असा काढत्यात का कुणी?"

शेवटी दोघंही अध्यक्ष. म्हणजे भाषणंही दोन! अण्णांनी सुरुवात केली ती थेट कारखाना उभा राहण्याआधीपासून. या जागेवर शेत कोणाचं होतं, बैल कसे होते, ज्वारी किती उंच यायची...

मी हळूच म्हणालो, "अण्णा, ते चुऱ्याचं..."

"येतोय, येतोय. आजून ज्वारीच उभी हाय."

ज्वारी उभी असतानाच भोंगा वाजला. अख्खी सकाळपाळी बस पकडायला पळाली. अण्णा नारळाची एक वाटी घेऊन पळाले.

मागे उरली फुलं, करवंटीचे तुकडे, राख आणि चहाचे उष्टे ग्लास. रंगनाथरावांनी कमरेवर हात ठेवले. "भावा, माझं भाषण ऱ्हायलं ते ऱ्हायलं. पण ह्ये कोण झाडणार?"

कोण झाडणार? मीच झाडू घेतला. झाडता झाडता लेथपाशी पोहोचलो, मग म्हटलं, वाकलोच आहे तर तिथलाही चुरा ओढून घेऊ.

नेमके तेव्हाच साहेब आले. "काय ठरलं मग? चुरा कोणी झाडायचा?"

झाडू माझ्या हातातच होता. काय सांगणार? "मी, साहेब."

मागून रंगनाथराव ओरडले, "अनुमोदन!"

त्या सभेत मंजूर झालेला ठराव तेवढाच. दुसऱ्या दिवशी मी परत लेथवर. आणि चुरा? दोन्ही पाळ्यांचा, एकमतानं, माझ्याकडे!