दाजींची गाठ

माझे साडू मला आवडत नाहीत असं नाही. ते जालन्याला एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत साहेब आहेत, माणूस दिलदार आहे, आणि कायकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीत, बसून मासे धरायचं वेडही आम्हाला त्यांनीच लावलं. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून ती त्यांना दाजी म्हणते, मीही दाजीच म्हणतो. मला आवडत नाही ती त्यांनी बांधलेली गाठ.

रविवारी आम्ही मंठ्याहून आणि ते जालन्याहून दुधना धरणाच्या बॅकवॉटरवर येतो. त्यांचं कायक एकट्याचं. आमचं हवा भरायचं, दोघांचं. मी मागे वल्हं मारतो, बायको पुढे बसून गळ टाकते. मरळ नेहमी तिलाच लागते, त्याचंही मला काही नाही. पण पाण्यात पडेल म्हणून ती चष्मा घरीच ठेवते आणि चष्म्याशिवाय तिला जवळचं दिसत नाही, म्हणून तिच्या दोऱ्याला गळ बांधायचं काम माझं होतं. दोघांच्या त्या बोटीत तेवढं एकच माझं मानाचं काम.

एकदा तिला चांगली दणकट मरळ लागली. रॉड वाकला, कायक ओढत गेलं आणि एकदम दोरा ढिला पडला. खडकाला घासला असेल, मी म्हणालो. दाजी वल्हवत जवळ आले, दोऱ्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं. टोक कुरळं झालं होतं.

"साडूभाऊ, घासलेला दोरा असा कुरळा होत न्हाई. गाठ सरकली तुमची."

हे बायकोसमोर. पुढच्या रविवारी मी रॉडकडे हात नेला तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही राहू द्या. दाजी बांधून देतेत. त्यांची कशी, बिलकुल सुटत न्हाई."

माझ्या अंगाचा तीळपापड झाला. वीस माणसांच्या पंगतीत बायकोने दुसऱ्याच्या हातचं वाढून घ्यावं आणि मी पातेलं धरून उभा राहावं, तसं वाटलं. आठवडाभर मी न्हाणीघरात बादलीच्या कडीला गाठी बांधल्या. कडीतून दोरा घ्यायचा, त्याच दोऱ्याला पीळ द्यायचे, टोक मागे पहिल्या फटीतून ओवायचं, ओढायचं. सगळं बराबर करत होतो, तरी हिसका दिला की गाठ एक तर सरकायची नाही तर तुटायची.

मग रविवारी मी दाजींवर नजरच ठेवली. पीळ देऊन झाले की ते गाठ तोंडात धरायचे, थुंकीने ओली करायचे आणि मग हळूहळू आवळायचे. कोरडा दोरा आवळताना घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो, हे मला तेव्हा उमगलं. आमच्या घरात उष्ट्याचं भारी वावडं. पोस्टाचं तिकीटसुद्धा आम्ही वाटीतल्या पाण्याने चिकटवत आलो. त्यामुळे गाठ तोंडात घालायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. चहूकडे धरणाचं पाणी, त्यात नुसती बुडवली असती तरी चाललं असतं, तेही सुचलं नाही.

पण शिकल्याचा आनंद क्षणभरही टिकला नाही. माझ्या कपातला घोटभर चहा दिला तर "उष्टा नको" म्हणणारी माझी बायको, दोन रविवार दाजींच्या तोंडातली गाठ दोऱ्याला लावून मिरवत होती. मी जळलो. साफ जळलो.

पुढच्या रविवारी दाजींनी तिचा गळ बांधून दिला आणि ते आपलं कायक पाण्यात लोटून पुढे गेले. बायको टोपी आणायला गाडीकडे गेली. मी नेलकटर काढलं, दाजींची गाठ कापून फेकली आणि माझी बांधली. तोंडात धरली, ओली केली, जीव लावून आवळली. ती आली तेव्हा मी वल्हं घेऊन जागेवर बसलो होतो.

तासाभराने मरळ लागली. पहिलीपेक्षा मोठी. बेशरमाच्या झुडपांकडे पळाली, खाली गेली, परत वर आली. बायको ओरडत होती, रॉड कमानीसारखा वाकलेला, आणि मी वल्हं सोडून नुसता त्या दोऱ्याकडे बघत होतो. गाठ टिकली. मासा जाळीत आला. मी सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तिने दोन्ही हात वर केले आणि पाण्यापलीकडे हाक दिली, "दाजी! बघा, तुमची गाठ! जरा सुद्धा हालली न्हाई!"

सांगायचं म्हणजे नेलकटरही सांगावं लागणार होतं. लांबून दाजींनी हात हलवला. बायको मागे वळून माझ्याकडे बघत होती, चेहरा नुसता फुललेला, मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलेली.

"मंग," मी म्हणालो, "दाजींची गाठ म्हणजे काय."