गडवाभर गोड बोलणं

माझी सासू शिव्या द्यायची त्या देवांच्या नावानं. भाकर करपली की मी भवानी, दूध उतू गेलं की सटवी, आणि दोन्ही एकदम झालं की तिसरं एक होतं, ते इथे लिहीत नाही. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले. घरी आल्यावर माझा नवरा म्हणाला, "माय, देव गेले नं? मंग शिव्यांत काहून ठेवले?" बुढी शब्दाची पक्की. त्या दिवसापासून मी नुसती म्हैस झाले.

फुंकलेलं पाणीही तेव्हाच बंद झालं. आधी कुणाला ताप आला की भगत यायचा, गडव्यातल्या पाण्यावर काहीतरी पुटपुटायचा, फुंकर घालायचा, आणि ते आजाऱ्याला पाजायचं. धम्म घेतल्यावर तो सवयीनं आमच्या दारी आला, तर बुढीनं हाती झाडू घेऊन त्याला पार पिंपळापर्यंत पिटाळलं. सगळ्या वस्तीनं पाहिलं.

मग काही वर्षांनी, ऐन वैशाखात, जळणाला पऱ्हाट्यांचा भारा आणताना तिलाच ऊन लागलं. खाटेवर पडली ती पाणी तोंडाला लावेना. मचूळ आहे म्हणे. अगं बाई, लग्न होऊन आलीस तेव्हापासून हेच मचूळ पाणी पितेस की! ओठ फुटले, डोळे खोल गेले. डॉक्टरनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, पाणी पोटात गेलं नाही तर म्हातारी हातची जाईल. शिव्यासुद्धा बंद झाल्या होत्या, त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

मला कळत होतं. तिला भगताचं पाणी हवं होतं आणि मागायला तोंड नव्हतं. शेवटी तिनंच वाट काढली. मला जवळ बोलावून म्हणाली, "मंतर नको. मंतर खोटा. नुसतं चांगलं बोलून दे पान्याले. त्याले देव कायले लागते?"

"कोन बोलन?"

"तूच. घरात तोंड तुहंच चालते."

मी गडवा उचलला. नवरा दारात उभा, फडक्यात तोंड खुपसून. मी म्हटलं, "पान्या, तू लय थंड हाये."

"पान्याचं कवतिक कायले करून राह्यली? माहं कर."

आली का पंचाईत. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, पण या कामाचा सराव कुठे होता? "आत्याबाई लय गुनाच्या," मी कसंबसं गडव्यात बोलले. तिनं घोट घेतला आणि बाजूला थुंकला. "फिकं हाये. मनातून नाई बोलली."

मी आत जाऊन गुपचूप गुळाचा खडा टाकून आणला. त्याची चव घेऊन म्हणते, "गूळ हाये हा. पानी गोड झालं, बोलनं कुठं झालं?"

माझं टाळकंच सरकलं. "मंग मरा," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर मी कोनासंग भांडू? तुमच्या पोरासंग? तो दोन शब्दांत झोपी जाते. माह्या बायंतपनात साऱ्या बाया भेल्या, तुम्हीच तेवढ्या उशाशी बसून शिव्या घालत होत्या. त्या शिव्यांवर जगली मी. आता मले म्हैस कोन म्हनन?" मी भोकाड पसरून रडत होते. गडवा हातातच होता, हे सगळं त्याच्याच तोंडावर बोलून झालं होतं.

बुढीनं हात लांब केला, गडवा घेतला आणि हळूहळू सगळा संपवला. "हं," म्हणाली, "हे लागलं."

पाण्याला कान असतात का, मला ठाऊक नाही. पुढे मात्र प्रत्येक गडव्याशी मी बोलत राहिले, कधी बरं, कधी भांडण. शेजारणींना वाटलं, आता सून गेली कामातून. बुढी दोन्ही प्यायची.

एके सकाळी मी भाकर थापत होते, नवरा आरशापुढे दाढी करत होता. चुलीवरचं दूध उतू गेलं. खाटेवरून खणखणीत आवाज आला, "सटवे, दूध गेलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. "टोका नं आता मायले. देव आला शिवीत."

तो टोकेना. वस्तरा खाली ठेवून डोळे पुसत बसला. म्हणाला, "डोयात साबन गेला."