ग्रामसभेत आपटलेलं माझं रक्त

आता ऐकायचंच असेल तर कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे घोटाळे छापले. हा घोटाळा मात्र माझाच, आणि तोही स्वतःच्या रक्ताने केलेला!

आमचा गाव डिचोली तालुक्यातला, खनिजाच्या रस्त्यावरचा. ट्रक गेले की अंगणातली तुळस लाल, दोरीवरचा पांढरा सदरा लाल, आणि मी त्याहून लाल! त्या धुळीवर किती लिहिलं म्हणून सांगू? दरवेळी ग्रामसभेत एकच प्रश्न, "पुरावा काय?"

पुरावा पाहिजे ना? घ्या माझं रक्त! अंगात जड धातू किती साचलेत ते तपासायचं आणि अहवाल त्यांच्यापुढे आपटायचा, असं मी ठरवलं.

म्हापशाच्या लॅबमधली मुलगी म्हणाली, "काका, आधी पाच दिवस समुद्रातलं काही खायचं नाही हां."

"का म्हणून?"

"त्यात आर्सेनिक असतं. ते बाधत नाही, पण रिपोर्टातला आकडा वाढतो."

"श्रावण नाही, चतुर्थी नाही, आणि मी पाच दिवस शिवराक राहू?"

"नसेल जमत तर नका करू टेस्ट."

मला नका म्हणायचं? मला?

पाच दिवस डाळ-भात आणि भेंडी. दारात बांगडेवाली ओरडली की मी आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करायचो. संन्यासीसुद्धा एवढा निग्रह करत नसेल हो! सहाव्या दिवशी रक्त दिलं.

अहवाल आला. आर्सेनिक मर्यादेच्या पार वर! मुलगा दहावी पास झाला तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

बायको, सुमती, घाबरली. "अहो, आधी डॉक्टरकडे चला."

"डॉक्टर नंतर. आधी ग्रामसभा!"

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. मी उभा राहिलो आणि अहवाल सरपंचांच्या टेबलावर असा आपटला की त्यांचा पाण्याचा ग्लास हलला. "हा घ्या पुरावा! ही तुमची धूळ माझ्या नसांतून वाहतेय!"

टाळ्या पडल्या. ट्रकमालक बाबलो खाली बघू लागला. तीस वर्षांनी तो खाली बघत होता! आता ट्रकांवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, सगळं मंजूर होणार.

तेवढ्यात आमच्या गावच्या डॉक्टरबाईंनी अहवाल हातात घेतला. चष्मा लावला. "भाऊ, खाली बारीक अक्षरात लिहिलंय ते वाचलंत? सागरी अन्न खाल्लं असल्यास चाचणी पुन्हा करावी."

बारीक अक्षर आधी वाचा, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवतो. मी स्वतः? मी फक्त ठळक आकडा वाचला होता.

पण मी डगमगलो नाही. "पाच दिवस मासळीला शिवलो नाही! हवं तर बायकोला विचारा!"

हे मी का बोललो? कोणी सांगितलं होतं?

सुमती बायकांच्या रांगेतून उठली. खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही. "नुस्तें खाल्लं नाही, ते खरं. रोज भेंडीबरोबर किसमूर मात्र लागायचं."

"कसलं किसमूर, वहिनी?" डॉक्टरबाई.

"सुक्या सुंगटांचं. आईने धारगळहून बरणी पाठवलेली. ह्यांनी पाच दिवसांत संपवली."

आता तुम्हीच सांगा, सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी हो, समुद्रातून येतात हे जेवताना कोणाच्या डोक्यात येतं? ती बरणीतून येतात! आमच्याकडे किसमूर म्हणजे तोंडी लावणं, लोणच्यासारखं. त्याला मासळी कोण म्हणतो?

सभागृहात असा हशा उठला की बाहेरची कुत्री भुंकू लागली. बाबलोने मान वर केली. "भाऊ, आमच्या ट्रकात सुंगटां नसतात हां! तपासून बघा!"

पुढच्या तपासणीत माझं रक्त स्वच्छ निघालं, हे सांगायला नकोच. निरोगी असल्याचं दुःख झालेला गावातला मी पहिला माणूस.

पण त्या दिवशी डॉक्टरबाई हसू आवरून म्हणाल्या, "थांबा. सुंगटं खरी, तशी धूळही खरी. रस्त्यालगतच्या सगळ्यांचं रक्त नीट पथ्य पाळून तपासूया. मग बोलू."

सरपंचांनी लगेच ठराव सांगायला सुरुवात केली, आणि सचिवांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. "रस्त्यालगतच्या सर्व घरांतील माणसांचे रक्त तपासावे. पत्रकार भाऊंचे मात्र त्यांच्या पत्नीला विचारून."

"अनुमोदन कोणाचं?"

सुमतीने हात वर केला.

ठराव मंजूर. विरोधात एकच हात होता, तो माझा. दुसऱ्या दिवशी ही बातमी पेपरात आली, तीसुद्धा शब्दशः, ठरावाच्या शेवटच्या वाक्यासकट. कोणी दिली म्हणून काय विचारता? डिचोलीचा वार्ताहर मीच ना!